नवले पुलाच्या उतारावर ट्रकशी कसं वागावं

साताऱ्याकडून पुण्यात येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही चालक इथे ट्रक न्यूट्रलवर सोडतात. मग इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक लागेनासे होतात. त्यामुळे भरलेल्या ट्रकच्या पुढ्यात घुसून लगेच ब्रेक दाबणं म्हणजे विषाची परीक्षा.

पुढे जायचं तर उजवीकडून. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून केबिनच्या डाव्या दाराला लागून चाललेली कार किंवा दुचाकी त्याला बहुधा दिसतच नाही. सोपी खूण: ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. शेजारी रेंगाळू नका. पुढे निघा, नाहीतर मागे राहा. ओलांडल्यावर ट्रकचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात दिसले, की मगच इंडिकेटर देऊन डावीकडे या.

ट्रकने लेन बदलायला इंडिकेटर दिला तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि जागा द्या. ‘या’ म्हणून डिपर मारू नका. आपल्या रस्त्यांवर त्याचा अर्थ बहुतेकदा ‘थांब, मी येतोय’ असाच घेतला जातो!

खंडाळा घाटाच्या चढावर एक ट्रक दुसऱ्याला ओलांडताना मिनिटभर वाट अडवतो. वैताग येतोच, पण डाव्या बाजूच्या फटीतून गाडी काढू नका. तो ट्रक पुढे झाला की त्याच फटीत वळणार असतो.