चार संस्था, एक प्रस्ताव: आधी याद्या जुळवा

नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भे स्टोअरपर्यंतच्या वस्त्यांत चार संस्थांनी मिळून जूनमध्ये शालेय साहित्य द्यायचं ठरवलं असेल, तर तयारी जानेवारीत सुरू करा. देणाऱ्यांची कॅलेंडरं वेगवेगळी असतात. कंपनीचं सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामांवरच्या खर्चाचं, वर्ष 31 मार्चला संपतं. रोटरीचं 30 जूनला संपतं आणि पदाधिकारी बदलतात, त्यामुळे मे महिन्यातला शब्द पुढच्या अध्यक्षांपर्यंत लेखी पोचवावा लागतो. गणेशोत्सव मंडळाकडून पैसे घेताना त्याची नोंदणी कायमची आहे की उत्सवापुरती वर्गणी गोळा करायची परवानगी आहे, हे कागद बघूनच ठरवा. उत्सवापुरत्या परवानगीवर जमलेली वर्गणी या कामासाठी घेऊ नका.

पॅन, 12अ (संस्थेच्या करमाफीची नोंदणी), 80जी (देणगीदाराच्या करसवलतीची नोंदणी), सीएसआर-1 (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी), तीन वर्षांचे ताळेबंद हे कागद लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त 12अ आणि 80जीची मुदत बघा, त्या नोंदण्या आता कायमच्या राहिलेल्या नाहीत. प्रत्येक संस्थेचा विश्वस्तांचा ठराव हवा. अध्यक्षांनी फोनवर ‘हो’ म्हटलं म्हणजे ठराव झाला असं नाही.

आता याद्या. गेल्या वेळी आमच्याकडून हेच राहिलं, म्हणून यावर सगळ्यात जास्त लिहिते आहे. देणाऱ्यांना द्यायच्या प्रस्तावात मुलांचा आकडा लिहिण्याआधी सगळ्या संस्थांच्या याद्या एकत्र करून जुळवा. प्रस्ताव मंजूर झाल्यावर नाही, साहित्याची ऑर्डर दिल्यावर तर नाहीच. प्रस्तावाच्या आधी.

चार संस्थांचे आकडे नुसते बेरीज करून लिहिले की तेच मूल दोनदा, तीनदा मोजलं जातं. एक संस्था वस्तीत यादी करते, दुसरी शाळेत. मूल राहतं दिघ्यात आणि शाळेला जातं विटाव्याला, म्हणजे एका यादीत नवी मुंबई महापालिकेत आणि दुसऱ्या यादीत ठाणे महापालिकेत. एकीकडे दाखल्यावरचं नाव, दुसरीकडे घरी हाक मारतात ते. एकीकडे ‘सरिता’, दुसरीकडे ‘सरीता’, तिसरीकडे तेच इंग्रजी अक्षरांत. एक्सेलमध्ये दुबार नावं काढायची सोय आहे, पण तिच्या लेखी ही तीन वेगळी मुलं असतात.

म्हणून हे काम माणसांनी बसून करायचं. यादीत मुलाचं नाव, आईचं नाव, शाळा, इयत्ता, गल्ली आणि तिथली एक ओळखीची खूण (नळ, पिठाची गिरणी, मंदिर) एवढे रकाने पुरेत. आईचं नाव, शाळा आणि इयत्ता तिन्ही जुळलं की तेच मूल समजा आणि मग गल्ली तपासा. फोन नंबरावर विसंबू नका, वस्तीत नंबर सतत बदलतात. आधार क्रमांक तर गोळाच करू नका. पालकांची संमती आधी घ्या. 2023च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, आणि आपण यादी दुसऱ्या संस्थेला देणार आहोत हे त्या आईला माहीत असलंच पाहिजे. चारशे नावांना दोन संध्याकाळी धरा. एकीने गल्लीवार नावं मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी आपापल्या यादीत खूण करायची. बसतील त्या वस्तीत रोज फिरणाऱ्या ताईच. ऑफिसमधल्या माणसाला ‘गिरणीमागची राठोड’ आणि ‘नळाजवळची राठोड’ वेगळ्या हे कळत नाही.

जुळवलेला आकडा बेरजेपेक्षा कमी येतो. घाबरू नका, तोच आकडा लिहा. मंजुरीनंतर आकडा घसरला तर देणाऱ्याला वाटतं आधी फुगवला होता. शेवटचा हप्ता अडकतो आणि चारही संस्थांचं नाव खराब होतं. शिवाय त्या कागदावर काही गल्ल्यांसमोर तीन-तीन संस्थांच्या खुणा दिसतात आणि काही गल्ल्या कोऱ्या राहतात. एकत्र येण्याचा खरा उपयोग या कोऱ्या गल्ल्या सापडण्यात आहे. एकटी संस्था आपल्या यादीकडे कितीही वेळ बघत बसली तरी तिला त्या दिसणार नाहीत. हा कागद देणाऱ्यांसमोर ठेवा, उरणारे साहित्याचे संच कोऱ्या गल्ल्यांना द्यायची मंजुरी त्याच बैठकीत मागा.

दुबार मूल कुणाच्या खात्यात मोजायचं, तेही तेव्हाच ठरवा: जी संस्था हातात संच देईल तिच्या. दोन कंपन्या एकाच कामात एकत्र येऊ शकतात, पण प्रत्येकीला आपला हिशेब वेगळा दाखवावा लागतो. म्हणून यादीत ‘कुणाच्या पैशातून’ हा रकाना हवा.

पैसा कुणाच्या खात्यात येणार हा पुढचा प्रश्न. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीने ते पूर्ण बंद केलं, सोबतची संस्था नोंदणीकृत असली तरीही. देशातला पैसा एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला दिला तर 2023च्या वित्त अधिनियमापासून आयकराच्या हिशेबात त्यातला 85 टक्केच खर्च म्हणून धरला जातो. त्यापेक्षा मुख्य संस्थेने वही-दप्तरवाल्याला थेट पैसे द्यावेत आणि बाकीच्या संस्थांनी फक्त वाटप करावं. सीएला आधी विचारा. करार स्टॅम्प पेपरवर करा. समन्वय करणाऱ्या एका व्यक्तीचं चार महिन्यांचं मानधन बजेटमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर ते काम कुणीच करत नाही. प्रस्तावात नुसतं ‘नवी मुंबई’ लिहू नका. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतात.

मे महिन्यात बांधकामावरची कुटुंबं गावी जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात यादी पुन्हा गल्लीत नेऊन वाचा. हो, पुन्हा. परत न आलेल्यांची नावं खोडा, नव्यांची घाला, जुळवा.

वाटपाला बॅनर एकच, नावं अक्षरक्रमाने. फोटो मोजके. सह्या किंवा अंगठे त्याच जुळवलेल्या यादीवर घ्या, वेगळ्या कागदावर नको. उपयोगिता प्रमाणपत्रातला (पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यातला) आकडा त्या सह्या मोजून लिहा, आणि यादीची एकेक प्रत चारही संस्थांकडे ठेवा.