गेम खेळताखेळता पीसी अटकते? आधी लाईट अन् गरमी पाहा

आमच्याकडे गेमिंग पीसी अटकला की पोरं एक तर नवीन विंडोज मारतात, नाहीतर ग्राफिक्स कार्ड गेलं म्हणून पीसी चादरीत गुंडाळून एसटीनं नागपूर-अमरावतीला नेतात. तिथं एसी लावलेल्या दुकानात तो दिवसभर मस्त चालते, दुकानवाला म्हणते भाऊ याच्यात काहीच प्रॉब्लेम नाही, अन् घरी आणला की संध्याकाळी पुन्हा जैसे थे. माझ्या अशा दोन चकरा झाल्या. गाव आर्वी तालुक्यात, घर गावाच्या कडेला, मागं लगेच वावर. मंग डोक्यात आलं की पीसी तोच आहे, बदलते ती जागा, मंग जागाच का पाहू नये?

म्हणून पहिले एक वही घ्या. अटकला की टाईम लिहा, कोणता गेम होता, किती वेळ खेळून राहिले होते, कूलर चालू होता का, लाईट इन्व्हर्टरवर होती का. माझ्या वहीत आठ दिवसात अकरा नोंदी झाल्या अन् त्यातल्या सात रात्री दहाच्या आसपासच्या, म्हणजे वावरातली थ्री फेज आली, मोटारी सुरू झाल्या, घरातला पंखा हळू झाला अन् दोन-चार मिनिटात स्क्रीन जागच्या जागी. बाकीच्या चार भर दुपारच्या. हे वहीशिवाय कधीच समजलं नसतं.

अटकणं म्हणजे नेमकं काय झालं हे पण लिहा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं राहते. स्क्रीन थांबली की कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. त्याचा लाईट चालू-बंद होत असेल तर विंडोज जिवंत आहे, फक्त गेम नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अटकला, अशावेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट अन् बी ही चार बटनं सोबत दाबली की ड्रायव्हर पुन्हा सुरू होते. कॅप्स लॉक पण मेला अन् स्पीकरमधून एकच आवाज घर्रर्र करत राहिला तर रॅम, गरमी किंवा पॉवर पाहा. दोन-चार सेकंद थांबून पुन्हा चालते असं असेल तर हार्डडिस्क, कमी पडलेली रॅम किंवा गरम होऊन हळू झालेला प्रोसेसर. अन् अटकतच नाही, फटकन बंद होऊन रीस्टार्ट होते असं असेल तर आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला करंट देणारा डबा, अन् घरची लाईट.

आता गरमी. हे इकडं सगळ्यात मोठं कारण आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या घरात जाते, टिनाच्या खोलीत तर विचारू नका. पीसीचा पंखा खोलीतलीच हवा फिरवते, थंड हवा तयार करत नाही, म्हणून खोली २० डिग्रीनं तापली की प्रोसेसर पण जवळपास तेवढाच वर चढते. थंडीत ७५ वर चालणारा प्रोसेसर मेमध्ये ९५ ला जाते, अन् बहुतेक प्रोसेसरची हद्द ९० ते १०० च्या मधात असते. एचडब्ल्यूइन्फो नाहीतर एमएसआय आफ्टरबर्नर फुकट आहे, ते टाका, तापमान गेमच्या कोपऱ्यात दिसत राहते अन् अटकताना शेवटचा आकडा काय होता ते वहीत लिहिता येते.

कॅबिनेट उघडा. आमच्या घरी कापूस वेचून आला की महिना-दोन महिने घरातच गंजी लागलेली राहते, त्याची रुई उडत राहते. मी साईडचं पॅनल काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (गरमी ओढणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर, पांढरट-करड्या नमद्यासारखा थर बसला होता, नखानं उचलला तर अख्खा चौकोन निघून आला, पंखा फिरून राहिला होता पण हवा खाली जायला जागाच नव्हती. साफ करताना प्लग काढा, पॉवर बटन पाच-दहा सेकंद दाबून धरा, पीसी अंगणात न्या. पंख्याची पाती बोटानं धरूनच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा नको तेवढा फिरून बेअरिंग खराब होते. अन् पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा कृपा करून मारू नका, त्या हवेत पाणी अन् तेल राहते, बोर्डावर उडते. साधा रंगाचा कोरडा ब्रश चांगला.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर अन् हीटसिंकच्या मधातला लेप, दोन-तीन वर्षं जुनी असेल तर बदला, नवीन पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरते. रायझेनचा जुना एएम४ सॉकेटवाला प्रोसेसर असेल तर त्याच्यावरचा कूलर (पंखा-हीटसिंक) काढायच्या आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मंग पीसी बंद करून प्लग काढा अन् कूलर हळूहळू डावी-उजवीकडं फिरवत सोडवा, सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट उपटून येते.

अन् एअर कूलर. पीसी कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. वाळ्याच्या ओल्या हवेनं आतली धूळ चिकट होऊन बसते, ती मंग ब्रशनं पण निघत नाही. पीसी कूलरच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर, अन् खिडकी उघडी. गेममध्ये फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून टाका अन् आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा, ग्राफिक्स कार्ड बरंच थंड राहते अन् खेळताना फरक फारसा जाणवत नाही.

लाईटचं आता. घरात २३० व्होल्ट यायला पाहिजे, आमच्याकडं मोटारी सुरू झाल्या की १७० वर येते, हे वायरमनकडून मीटर लावून पाहून घ्या. चांगला एसएमपीएस १०० ते २४० पर्यंत झेलते, स्टिकरवर लिहिलेलं असते, स्वस्तातला झेलत नाही. स्टिकरवर आणखी एक पाहा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहे. माझ्या जुन्या डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॉट होतं अन् १२ व्होल्टला १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॉट, अन् प्रोसेसर-ग्राफिक्स कार्ड दोन्ही त्याच्यावरच जगतात. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः कधीच खोलू नका, प्लग काढल्यावर पण आत करंट साठून राहते.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देते, मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर लाईट गेल्यावर तो पण लगेच टाकून देते. इन्व्हर्टर असेल तर प्युअर साईनवेव्हच पाहिजे, अन् त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटन राहते ते चालू करा, नाहीतर लाईट जाऊन बॅटरीवर येईपर्यंत पीसी बंद. कूलर अन् पीसी एकाच बोर्डावर नको.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? मंग अर्थिंग नाही. वायरमनला बोलावून मीठ-कोळशाचा खड्डा करून अर्थिंग घ्या, उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाका, काळी माती सुकून भेगा पडल्या की अर्थिंग कामच करत नाही. हे पीसीपेक्षा घरच्यांच्या जिवासाठी करा.

गरमी अन् लाईट ठीक असूनही अटकते तर रॅम. काढा, सोनेरी पट्टी खोडरबरानं हलकेच पुसा, पुन्हा कट्ट आवाज येईपर्यंत बसवा. बायोसमध्ये (पीसी चालू होतानाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडनं चालवणारी सेटिंग, बंद करून दोन दिवस खेळून पाहा. मंग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रातभर चालवा, एक जरी एरर लाल दिसली तर एकेक रॅम वेगळी लावून कोणती खराब ते शोधा.

डिस्क तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम, निळा म्हणजे चांगली, पिवळा दिसला की त्याच दिवशी फोटो अन् कागदपत्रं दुसरीकडं घ्या. ग्राफिक्सचा ड्रायव्हर डीडीयू नावाच्या प्रोग्रामनं सेफ मोडमध्ये पूर्ण काढून नवीन टाका. इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा मोठा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट कराच, त्यातला व्होल्टेजचा दोष कंपनीनं २०२४ मध्ये मान्य करून दुरुस्तीचा अपडेट दिला आहे. अन् विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, जिथं गडबडींची नोंद राहते, अटकल्याच्या टाईमाला काय लाल-पिवळं दिसते पाहा. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे फक्त पीसी नीट बंद झाला नव्हता एवढंच, तुम्ही बटन दाबून बंद केला तरी ते येते, त्याच्यावरून एसएमपीएस विकत घेऊ नका. डिस्प्ले ४१०१ असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, व्हीया लॉगर असेल तर हार्डवेअर.

एका वेळी एकच गोष्ट बदला अन् दोन दिवस खेळा. तरी दुकानात न्यायची वेळ आलीच तर वही सोबत न्या, अन् सांगा की कॅबिनेट बंद ठेवून, एसी बंद करून, तोच गेम तासभर चालवून दाखवा. माझ्या पीसीत रुई काढली, एसएमपीएस बदलला, कूलरचा बोर्ड वेगळा केला, पुढच्या महिन्याभरात वहीत एकच नोंद आहे, ती पण दुपारी तीनची, टिनाखालची, म्हणून मेमध्ये आता पहाटे पाच ते आठ खेळतो.