म्हाताऱ्यांना तपासणीला नेताय? या चुका टाळा, आमच्या करून झाल्यात

आमचे नाना ७८ चे, चोपड्याकडचे, सगळं आयुष्य केळीत गेलं. मे महिन्यात त्यांना जळगावला तपासणीला नेलं आणि डॉक्टरांनी काही विचारलं की उत्तर मीच देत होतो. सगळ्यात मोठी चूक हीच. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, खाटेवरून उठणं, लघवीवर ताबा, जेवण, हे सगळं स्वतःचं स्वतः जमतं का हे ते विचारतात, कारण रिपोर्टपेक्षा माणूस घरात कसा वावरतो ते त्यांना बघायचं असतं. आता नानांना विचारलं तर "काही नही, बरं शे" एवढंच येणार हेही खरं. तरी आधी त्यांना बोलू द्या आणि मग जरा बाहेर थांबा, कपड्यात लघवी होते हे पोरासमोर कोण सांगणार हो? राहिलेलं तुम्ही नंतर सांगा.

दुसरी चूक बीपीची, ही आम्हाला महागात पडली. एसटीतून उन्हात उतरलो, स्टँडवर चहा मारला, घाईघाईत दवाखाना आणि लगेच पट्टा बांधला. बीपी जास्त, गोळी वाढली, आठ दिवसांनी नाना पहाटे खाटेवरून उठताना चक्कर येऊन पडले. आधी निदान ५ मिनिटं शांत बसवा, अर्धा तास चहा-तंबाखू नको, पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून नको. आणि झोपवून मोजल्यावर उभं करून १ आणि ३ मिनिटांनी परत मोजायला सांगाच, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर कुठून येते ते कळतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

गोळ्यांचं म्हणाल तर सगळ्या पिशवीत भरून न्या, काढे-चूर्णं पण. नाना गुडघ्यासाठी मेडिकलवरून स्वतःच गोळी आणत होते, तसल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीला पण त्रास, आम्हाला पत्ताच नाही.

चालायची टेस्ट असते, खुर्चीतून उठून ३ मीटर जायचं, वळून येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायची भीती. काठी नेहमी लागत असेल तर तीच घेऊन चालू द्या, आम्ही ती लाजेकाजे घरीच ठेवलेली.

स्मरणशक्तीला ३ शब्द लक्षात ठेवायला देतात, घड्याळ काढायला लावतात. चष्मा आणि कानाचं मशीन न्या, मागून कुजबुजू नका (मी केलं, डॉक्टर चिडले). शाळा किती झाली आणि घरात अहिराणी बोलतात हे आधीच सांगा, ज्याने पाटी-पेन्सिल धरली नाही त्याला घड्याळ जमलं नाही म्हणून तो विसरभोळा होत नाही.

उपाशी न्यायचं का ते लॅबला फोन करून विचारा, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेला उपाशी राहावं लागत नाही. आणि ७० च्या पुढचं आयुष्मान वय वंदना कार्ड असेल तर ते अ‍ॅडमिट झाल्यावर चालतं, नुसत्या ओपीडीच्या तपासणीला नाही, खिशात पैसे ठेवा.