नवजात बाळाला झोळीत कसं झुलवावं आणि तिथून उचलून सपाट कधी ठेवावं

नवजात अतिदक्षता कक्षात परिचारिका म्हणून माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाले आणि नातीच्या झोपेची जबाबदारी माझ्याकडे आली. लेकीला बॅसिनेट, म्हणजे तान्ह्या बाळाचा सपाट तळाचा छोटा पलंग, नको होतं, झोळी हवी होती. बॅसिनेटमध्ये टेकवलं की पोरगी डोळे उघडते, झोळीत मिटते, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. तरी मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं की झोळी घे, पण बॅसिनेट काढून टाकू नकोस. रडणं थांबवायला, डोळा लागेपर्यंत झुलवायला झोळी उत्तम. एकदा बाळ गाढ झोपलं, की त्याला सपाट, कडक गादीवर उताणं ठेवायचं. रात्री तर झोळी नाहीच. पुढचं सगळं या एका अटीवर लिहिते आहे.

ही अट का, ते नीट समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. डोक्याची मागची बाजू फुगीर असते आणि मान अजून धरलेली नसते. झोळीचं कापड मध्ये खोल गेलं की पाठ धनुष्यासारखी वाकते, डोकं पुढे येतं आणि हनुवटी छातीला टेकते. या वयात श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. मान अशी दुमडली की तिच्यातून हवा जायला जागा उरत नाही. त्यात आवाज होईलच असं नाही. बाळ हातपाय झाडत नाही, रडत नाही, बाहेरून शांत झोपल्यासारखं दिसतं. दिवस पूर्ण न झालेल्या बाळांना अर्धवट बसल्यासारखं ठेवलं की ऑक्सिजनचे आकडे कसे उतरतात, हे मी मॉनिटरवर पाहिलेलं आहे. घरी तो मॉनिटर नसतो. काही रुग्णालयांत अशा बाळांना झोळीसारख्या कापडात ठेवतात, पण ते थोड्या वेळासाठी, तारा लावून आणि नजरेसमोर.

दुसरा धोका कडेचा. झोळी एका बाजूला कलली तर बाळ घरंगळून कापडाच्या भिंतीला लागतं आणि नाक-तोंड त्यात रुततं. २००९ साली अमेरिकेत एका कंपनीच्या झोळीपाळण्यांचे सुमारे २४,००० नग परत मागवले गेले ते याच कारणाने, दोन बाळं दगावल्यावर. त्यानंतर तिथले नियम कडक होत गेले. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचना सांगतात की बाळाची झोपायची जागा सपाट आणि कडक हवी, उतार १० अंशांपेक्षा जास्त नको. मऊ कापडाची झोळी या दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही. ‘हवा खेळती राहणारं कापड’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी हनुवटी छातीला टेकल्यावर त्या कापडाचा काही उपयोग नाही.

आता घ्यायची कशी आणि बांधायची कशी.

दोन टोकांना गाठी मारलेलं नुसतं कापड किंवा ओढणी नवजात बाळासाठी मुळीच नको. त्यात खोलगटपणा सर्वांत जास्त असतो आणि दोन्ही कडा चेहऱ्यावर मिटतात. डोक्याकडे आणि पायाकडे कापड ताणून धरणारी आडवी दांडी असलेली, तळाला पातळ पण कडक, नेमकी बसणारी गादी असलेली झोळी घ्या. गादी आणि कापड यांच्यात बोट जाईल एवढी फट दिसली तरी ती दुकानात परत करा. वरून आणखी मऊ गादी घालू नका. सोबत वजनाची मर्यादा आणि वयाची मर्यादा लिहिलेला कागद हवाच. नसेल तर ती झोळी कितीही सुंदर असो, घेऊ नका.

स्वतंत्र लोखंडी स्टँड असेल तर काम सोपं. त्याचे पाय रुंद आहेत ना, रिकामी झोळी जोरात बाजूला ओढली तरी एकही पाय उचलत नाही ना, एवढं पाहा. छताला टांगायची असेल तर हुक काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा भरीव लाकडी तुळईत, अँकर बोल्टने, जाणत्या माणसाकडून बसवून घ्या. पीओपीचं छत, दाराची चौकट, पडद्याचा रॉड, खिडकीचे गज यांपैकी कशावरही भरवसा ठेवायचा नाही. आमच्याकडे जावयाने हुक बसवल्यावर मी त्याला स्वतःला दोन्ही हातांनी त्या हुकाला लोंबकळायला लावलं. हुक आणि झोळी यांच्यामध्ये उघडी एस-कडी नको, स्क्रूने बंद होणारी कडी हवी. स्प्रिंग असेल तर तिच्याबरोबर एक सुरक्षादोरी असते. स्प्रिंग तुटलीच तर झोळी त्या दोरीवर राहते. ती दोरी बिनकामाची वाटून काढून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून काढू नका.

झोळीचा तळ जमिनीपासून फूटभर, फार तर दीड फूट. उंच टांगली की बघायला सोपी जाते, पण पडलं तर ते उंचावरून पडतं. सिझेरियन झालेल्या आईला इतकं खाली वाकणं जड जातं. तिने वाकू नये, शेजारी गुडघ्यावर बसून बाळ घ्यावं किंवा दुसऱ्या कुणी उचलून द्यावं. चारही बाजूंना हातभर मोकळी जागा ठेवा, भिंत नको, टेबलाचा कोपरा नको. लोंबणारी नाडी, दोरी, झालर, वर टांगलेलं खेळणं, हे सगळं काढून टाका. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर झोळी वापरून झाली की कडीवरून उतरवून ठेवलेली बरी.

बाळ ठेवण्याआधी बाळाच्या वजनाएवढी वाळूची घट्ट पिशवी आत ठेवून पाहा. मोबाइलमधलं उतार मोजायचं अॅप उघडा आणि फोन गादीवर लांबीच्या दिशेने ठेवा. दहा अंशांच्या वर आकडा दिसला तर डोक्याकडची दोरी लांब करा किंवा पायाकडची आखूड. मग फोन आडवा ठेवून तीच तपासणी, तिथे आकडा शून्याच्या जवळ हवा. वजनाने कापड सैल होत जातं, म्हणून ही तपासणी दर आठवड्याला. आकडा बरोबर आला म्हणजे रात्रभर ठेवायला मोकळीक मिळाली असं मात्र समजू नका. खोलगटपणा आणि बाळ हलल्यावर झोळीचं कलणं त्या आकड्यात दिसत नाही.

बाळाला दूध पाजून, ढेकर काढून मग उताणं ठेवा, दोन्ही दांड्यांच्या बरोबर मधोमध. उशी नाही, दुपटं नाही, बाजूला गुंडाळलेला टॉवेल नाही, टोपी नाही. थंडी वाटली तर अंगावर कपड्याचा एक थर वाढवा. ठेवल्यावर लगेच हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमची दोन बोटं आडवी सहज मावतात का ते पाहा. मावत नसतील तर मानेखाली काही सरकवून जुळवाजुळव करायची नाही. बाळ बाहेर काढा आणि दोऱ्या पुन्हा बसवा. पायही पाहा. ते गुडघ्यांत दुमडून बाजूला मोकळे पडले पाहिजेत. सरळ ताणून, एकमेकांना चिकटवून राहिले तर खुब्याच्या सांध्याला ते चांगलं नाही.

झोका छोटा द्या, टीचभर पुढे, टीचभर मागे, संथ. डोकं गदगदा हलेल असा झोका कधीच नको, बाळ कितीही रडत असलं तरी. तुम्ही थकलात, राग यायला लागला, तर बाळाला बॅसिनेटमध्ये सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हा. रडणाऱ्या बाळाला त्याने इजा होत नाही. मोटरचा पाळणा असेल तर बाळ शांत झालं की बंद करा.

झुलवत असताना माझी नजर तीन ठिकाणी असते: हनुवटी, ओठांचा रंग, छातीची हालचाल. घरघर, घोरण्यासारखा आवाज, नाकपुड्या फुलणं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर दिसणं यांतलं काहीही दिसलं तर झोका थांबवायचा, बाळ उचलायचं, मान सरळ करायची. आणि लगेच डॉक्टर.

आता उचलून ठेवायची पायरी. सगळे इथेच कंटाळतात. डोळे मिटल्या मिटल्या हलवलं की बाळ जागं होतं आणि मग लोक म्हणतात, राहू दे झोळीतच. जपानमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये रडणाऱ्या बाळांवर अभ्यास केला होता. त्यांचा सल्ला असा होता की बाळाला घेऊन पाच मिनिटं चालावं, झोप लागली की पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसावं, मग खाली ठेवावं. तो अभ्यास कडेवर घेण्याचा होता, झोळीचा नव्हे, पण थांबण्याची ती वेळ मला झोळीतही उपयोगी पडते. झोका थांबवायचा, शेजारी बसून राहायचं, नजर हनुवटीवर. बाळाचा हात हलकेच उचलून सोडला आणि तो लुळा पडला की वेळ झाली. एक तळवा मान-डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, बाळ आपल्या छातीला टेकवून उचला. बॅसिनेटमध्ये आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. हात लगेच काढू नका. डोक्याखालचा हात काढून तो छातीवर ठेवा आणि बाळाचे काही श्वास होईपर्यंत तसाच राहू द्या. लेकीला हे जमायला वेळ लागला. आता ती माझ्यापेक्षा सफाईने करते.

बॅसिनेट तुमच्या पलंगाशेजारी हवं. निदान पहिले सहा महिने बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या सपाट जागेवर.

“पण आई, ती दूध ओकते, सपाट ठेवलं तर ठसका लागेल,” असं लेक म्हणाली होती. हा प्रश्न मला कक्षातही रोज कुणीतरी विचारायचं. उताणं झोपलेल्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीतून वरच्या नळीत सहज चढत नाही. म्हणून निरोगी बाळाला सपाट ठेवल्याने ठसका वाढत नाही. पालथं केलं तर मात्र नळ्यांची ही मांडणी उलटते.

दिवस पूर्ण न झालेलं किंवा कमी वजनाचं बाळ, अंग सैल असलेलं, श्वासाचा त्रास असलेलं, खुब्याच्या सांध्याची तक्रार असलेलं बाळ असेल तर झोळी आणायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. मी तर अशा बाळांना नकोच म्हणते.

बंद कधी करायची? बाळ कुशीवर वळायला लागलं, पालथं पडायचा प्रयत्न दिसला किंवा डोकं उचलून हातांवर जोर देऊ लागलं, की त्याच दिवशी. काही बाळं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच वळतात. कागदावर मोठं वय लिहिलेलं असलं तरी बाळाकडे बघून ठरवा. बाळाला दुपट्यात गुंडाळत असाल तर तेही तेव्हाच थांबवा. झोळीत बाळ कधीही गुंडाळून ठेवू नका, कारण तोंडावर आलेलं कापड झटकायला त्याला हात मोकळे लागतात.

नंतर झोळी दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर दोऱ्या, शिवणी आणि स्प्रिंग उजेडात तपासा. दोरीचा एक पदर जरी उसवलेला असला तर ती कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी ती उचलून वापरणार नाही. सगळं ठीक असेल तर माहितीचा कागद आणि सुरक्षादोरी न विसरता सोबत द्या.