ट्रान्सफर केसमध्ये कमी रेशोचे गिअर बसवताना

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा. सुझुकी सामुराई या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत त्याचा मूळ लो रेशो २.२६८, म्हणजे लोमध्ये इनपुटच्या इतक्या फेऱ्यांत आउटपुटची एक फेरी. त्याजागी ४.१६ चा सेट घातला की चढावर क्लच जाळावा लागत नाही. मात्र मोठ्या व्यासाचे गिअर काही वेळा केसिंगच्या आतल्या कडेला घासतात. म्हणून सीलंट न लावता आधी सगळं कोरडंच जोडून बघा. गिअरला मार्कर फासून शाफ्ट हाताने फिरवला की घासण्याची जागा केसिंगवर उमटते. तेवढीच ग्राइंड करा. मग केसिंग रॉकेलने धुवून हवा मारा. इथे घाई नको. अॅल्युमिनियमचा कीस उरला तर नवी बेअरिंगं त्यानेच खराब होतात.

नीडल बेअरिंग (बारीक सुईसारख्या रोलरची) आणि थ्रस्ट वॉशर (गिअरच्या बाजूला बसणारी चकती) नवेच घ्या, जुने वाचवण्यात अर्थ नाही. वॉशरची तेलाच्या खाचा असलेली बाजू गिअरकडे हवी. उलटी बसली तर गिअर कोरडा फिरून तापतो. एंड फ्लोट, म्हणजे गिअरची शाफ्टवर पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून मॅन्युअलशी ताडा. शिफ्ट फोर्कची (हाय-लो बदलताना आतला भाग सरकवणाऱ्या काट्याची) टोकं झिजलेली असतील तर लो गिअर उतारावर निसटतो.

केस बंद केल्यावर लोमध्ये टाकून इनपुट हाताने फिरवा: चारपेक्षा किंचित जास्त फेऱ्यांत आउटपुटची एक फेरी व्हायला हवी. हाय आणि न्यूट्रलही तपासा. तेल फिलर होलच्या काठापर्यंत, गाडी सपाट जागी ठेवून. पहिलं तेल ५०० किमीनंतर काढून टाका.