वर्कशॉपसाठी डस्ट एक्स्ट्रॅक्टर निवडताना आधी पाइप बघा, मोटर नंतर

कुठला डस्ट एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे लाकूडकामातला भुसा आणि धूळ ओढून घेणारं मशीन, घेऊ असं विचारलं की हटकून एकच सल्ला मिळतो, जास्त एचपीचा घे. हा सल्ला ऐकून मी एकदा मशीन घेतलंय आणि नंतर कित्येक महिने भुसा झाडूनेच गोळा केलाय, त्यामुळे आता कोणी असं बोललं की खरंच चिडचिड होते.

पहिलं काम, तुमच्याकडे कुठली मशीन आहेत ते बघा. सँडर (घासायचं), राउटर (खाचा पाडायचं) असली हातातली टूल्स असतील तर व्हॅक्यूमसारखा एक्स्ट्रॅक्टर लागतो, तो बारीक होजमधून जोरात ओढतो. टेबल सॉ, प्लेनर (रंधा मारायचं मशीन), बँड सॉ असली जागेवर उभी मशीन असतील तर मोठ्या पंख्याचा कलेक्टर, त्याची ओढ कमी पण तो हवा भरपूर हलवतो. एकाचं काम दुसरा करत नाही. प्लेनरला व्हॅक्यूम लावलात तर ढलप्यांनी होज लगेच तुंबतो, आणि सँडरच्या बारीक होजला कलेक्टर जोडला तर तो नुसता गरगरतो. दोन्ही प्रकारची कामं असतील तर दोन घ्या.

आता खरी गोम, हवेचा हिशोब. खोक्यावर सीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. हा आकडा बऱ्याचदा पाइप न जोडता, तोंड उघडं ठेवून मोजलेला असतो. पाइप, बेंड, फिल्टर, सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा फिल्टरआधीच खाली पाडणारं भांडं), प्रत्येक जण त्यातला वाटा खातो.

माझा कलेक्टर होता २ एचपी, खोक्यावर १२०० सीएफएम. मी कोपऱ्यात ठेवला, ४ इंची लवचिक होज ६ मीटर ओढला, मध्ये तीन काटकोनी बेंड, आणि टेबल सॉखाली ढीग जशाचा तसा. मोटर खराब आहे म्हणून विकणाऱ्याशी भांडलोसुद्धा. मग एक दिवस वैतागून कलेक्टर सॉच्या शेजारी आणला, दीड मीटर होज लावला आणि सगळं सपासप ओढलं जायला लागलं. मोटरमध्ये काहीच दोष नव्हता, पाइपच गळा दाबत होता.

हिशोब सोपा आहे. भुसा पाइपात बसू नये म्हणून हवा सेकंदाला साधारण २० मीटर वेगाने जायला हवी. त्या वेगाला ४ इंची पाइपातून जेमतेम ३३० सीएफएम जातं, ६ इंचीतून ७५० च्या आसपास. टेबल सॉला ३५० ते ४०० लागतं, प्लेनरला त्याहून जास्त, आणि हे फक्त ढलप्या-भुशासाठी, बारीक धूळ धरायची तर अजून हवा पाहिजे. म्हणजे ४ इंची पाइप ठेवून १२०० चं मशीन घेतलं तरी त्यातली बरीचशी हवा तुमच्यापर्यंत येतच नाही. बऱ्याच कलेक्टरांवर ४ इंची दोन-तोंडी जोड असतो, तो काढला की आत मोठं तोंड असतं, तिथून ६ इंची गुळगुळीत पाइप काढा, वळणं लांबट घ्या, फाटे काटकोनात न काढता ४५ अंशात काढा, आणि लवचिक होज फक्त शेवटच्या मीटरभरात. होजच्या आतल्या वळ्या हवा फार अडवतात. मशीनचं तोंड ४ इंचीच असेल तर शक्य असेल तिथे तेही मोठं करून घ्या, नाहीतर अडथळा तिथे राहतो.

म्हणून घेताना पंख्याचा आलेख मागा, म्हणजे रेझिस्टन्स वाढला की सीएफएम किती उरतं ते. तो नसेल तर पंख्याचा व्यास विचारा, एचपी सारखी असेल तर मोठ्या व्यासाचा घ्या.

फिल्टरमध्ये काटकसर करू नका. लाकडाची धूळ १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या गट १ मध्ये आहे, माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कापडी पिशवी ढलप्या धरते आणि जी धूळ फुफ्फुसात जाते तीच खोलीत परत उडवते. डोळ्यांना खोली स्वच्छ दिसते, म्हणून माणूस मास्कही काढतो. १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कार्ट्रिज फिल्टर घ्या. हातातल्या टूल्सच्या एक्स्ट्रॅक्टरमध्ये एम क्लास (धूळ गाळण्याचा दर्जा) बघा, एल क्लासला १ टक्का धूळ सुटायची मुभा आहे, एमला ०.१ टक्का, म्हणजे दहापट फरक.

सायक्लोन लावा, फिल्टर लवकर चोंदत नाही.

वायरिंगची लाइन वेगळी घ्या, २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट आणि चालू होताना त्याच्या कितीतरी पट करंट, सॉच्याच प्लगवर तो टिकत नाही.

आणि लोखंड ग्राइंड करताना हा एक्स्ट्रॅक्टर लावू नका, अजिबात. ठिणगी भुशात आत जाऊन तासन्‌तास धुमसते आणि रात्री वर्कशॉप बंद असताना पेटते. लोखंडाचं काम असेल तर त्याला वेगळं मशीन ठेवा, आणि भुशाची पिशवी रोज संध्याकाळी बाहेर रिकामी करा.