वन बीएचकेमध्ये मांजर: तिला निवांत वाटेल असे घर कसे लावावे

पलंगावर लघवी, सोफ्याच्या चिंध्या, दिवसभर कपाटामागे मुक्काम. हे सुरू झाले की घरातले म्हणतात, ‘हिला मस्ती आलीय.’ बहुतेक वेळा गडबड घराच्या मांडणीत असते. खाणे, पाणी, लिटर (शी-शू करायची वाळू), झोप आणि लपण्याची जागा या पाच ठिकाणी मांजरीला न बिचकता पोचता यायला हवे.

पण आधी दवाखाना. लघवीची सवय अचानक बिघडली तर आजार नाही याची खात्री करून घ्या. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर सकाळपर्यंत थांबू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते.

आता लिटर ट्रे. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. जितक्या मांजरी, त्याहून एक ट्रे जास्त ठेवा, आणि तेही वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजरीच्या लेखी एकच असतात, कारण दुसरी मांजर वाटेत बसली की दोन्ही बंद. नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत मांजर मोजा. ट्रेची लांबी त्याच्या दीडपट हवी. दुकानातले बरेच ट्रे याहून लहान निघतात. त्यापेक्षा कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, एका बाजूला जमिनीपासून १०-१२ सेंमीवर आत जायला खाच कापा आणि कड सँडपेपरने घासा. बारीक, गोळे होणारे, बिनवासाचे लिटर सुमारे ५ सेंमी पसरा. लॅव्हेंडरचा सुगंध आपल्या नाकासाठी असतो, तिला तो नकोसा होतो. गोळे रोज दोनदा काढा. ट्रे वॉशिंग मशीनजवळ ठेवू नका: ती आत बसलेली असताना मशीन एकदा खडखडले की ती त्या कोपऱ्याकडे फिरकतही नाही. नवा ट्रे आणला तरी ती तो वापरू लागेपर्यंत जुना हलवू नका.

ट्रे धुवायला साधा साबण पुरे. फिनेल नको, लादीलाही नको. फिनॉल जातीच्या द्रव्यांचा निचरा मांजरीच्या यकृताला नीट जमत नाही. लादीवरचे पंजाला लागते आणि पंजा चाटताना पोटात जाते. कुत्र्याचे गोचिडांचे औषधही मांजरीला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर ती दगावू शकते. भलत्या जागी लघवी झाली असेल तर एन्झाइमचे क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ मुरू द्या. अमोनियाचे क्लीनर उलट काम करते, त्याचा वास लघवीशी जुळतो.

जमिनीवर जागा कमी असली तरी भिंती मोकळ्या असतात. २५-३० सेंमी रुंद फळ्या पायऱ्यांसारख्या लावून कपाटाच्या माथ्यापर्यंत वाट करा. वर गोणपाट ठोका, नाहीतर सनमायकावर पाय घसरतो आणि एकदा पडलेली मांजर पुन्हा चढायला कुरकुरते. दोन मांजरी असतील तर उतरायला दुसरी वाट हवीच. खिडकीला आणि गॅलरीला स्टीलची जाळी बसवा. मच्छरांची नायलॉन जाळी नखांनी फाटते.

नखे घासायला खांब ७५-९० सेंमी उंच हवा, म्हणजे अंग पूर्ण ताणता येते. बूड जड आणि रुंद करा. डुगडुगणारा खांब ती एकदाच वापरते. त्यावर सुतळी घट्ट, फट न ठेवता गुंडाळा आणि खांब सोफ्याला खेटून उभा करा. ओरखडे म्हणजे तिची खूण, ती दर्शनी जागीच करायची असते; खांब कोपऱ्यात नेला की सोफ्यावर पुन्हा नखे चालतात.

पाण्याचे भांडे पसरट असावे, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब. दोन मांजरींची ताटली एकमेकींना दिसणार नाही अशी ठेवा. भांडण होत नसले तरी धसका घेऊन भराभर खाणे आणि मग ओकणे चालूच राहते. दोरीला खेळणे बांधलेल्या काठीने दिवसातून दोनदा, जेवणाच्या आधी, दहा मिनिटे खेळवा आणि शेवटी शिकार तिच्या हाती लागू द्या.

दिवाळीची तयारी आठवडाभर आधी करा. रस्त्यापासून सर्वांत आतली खोली निवडा, नसेल तर पॅसेज. तिथे आडवा खोका ठेवा, त्याला दोन तोंडे कापा, आत तुमचा न धुतलेला टीशर्ट घाला, जवळ पाणी आणि ट्रे. फटाके सुरू व्हायच्या आधी, उजेड असतानाच खिडक्या लावून पंखा चालू करा. ती खोक्यात शिरली तर ओढून बाहेर काढू नका, कुशीत धरूनही ठेवू नका; आवाज थांबले की यायचे तेव्हा ती येईल.